सासूबाईंचं काम

बॅटरीची काळी वायर आधी सोडवायची, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तरी त्या सकाळी बॉनेट उघडून तो नुसताच उभा राहिला. हात बॅटरीपाशी, कान स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. आत भांडी वाजत होती. घासल्याचा आवाज नव्हता तो, बांधल्याचा होता. घासताना भांडी एकमेकींशी कडकडा भांडतात. कागदात गुंडाळायला घेतली की एकेक करून गप्प होत जातात.

त्याची बायको भावाकडे निघाली होती. आईचा लोखंडी पलंग, आईचं शिलाई मशीन, आईची ट्रंक आणि आईच्या हातची म्हणून जपलेली चार भांडी, एवढं घेऊन ती दुपारी निघणार होती. 'थोडे दिवस जाऊन येते' असं ती म्हणाली नव्हती. त्यानंही विचारलं नव्हतं. विचारलं की उत्तर येतं, आणि काही उत्तरं आली नाहीत तेच बरं, असं माणसाला वाटतं.

सामान न्यायला घरची पिकअप होती. त्यांची रोपवाटिका होती, रोपं आणि कुंड्या पोचवायला घेतलेली ती डिझेलची गाडी. पण बायकोनं एकच अट घातली होती, तीही त्याच्याकडे न बघता, भिंतीला सांगावी तशी.

"तो सेन्सर बदलल्याशिवाय मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही."

म्हणजे बघा कसं असतं ते. जी गाडी दुरुस्त झाली की बायको घर सोडून जाणार, ती गाडी त्यानं स्वतःच्या हातानं दुरुस्त करायची. आणि चांगली करायची. कारण वाईट काम करणं त्याला जमत नव्हतं.

त्यानं काळी वायर सोडवली. मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढून जॅकनं गाडी उचलली, खाली लोखंडी स्टँड सरकवले, गाडीला दोनदा धक्का देऊन बघितलं. मग जुनी चादर अंथरून, हातात टॉर्च घेऊन तो पाठीवर सरकत गाडीखाली गेला.

सेन्सर म्हटलं की लोकांना मोठं काहीतरी वाटतं. असतो तो अंगठ्याएवढा. इंजिनाच्या मागच्या अंगाला, खालच्या बाजूला, एका बोल्टवर बसलेला असतो. इंजिनाचा मुख्य दांडा फिरता फिरता नेमका कुठवर आलाय, एवढंच त्यानं सांगायचं. त्याच्या सांगण्यावर डिझेल कधी सोडायचं ते ठरतं. कीर्तनात बुवा कितीही रंगात येवो, मृदंगाची थाप थांबली की त्याचा पाय जागच्या जागी अडखळतो, तसं इंजिनाचं होतं. डिझेल असतं, हवा असते, बॅटरी ठणठणीत असते, आणि गाडी उभी.

ह्यांचा सेन्सर पुरता गेला नव्हता, म्हणूनच सगळा घोळ झाला. पुरता गेला असता तर त्याच दिवशी बदलला असता. तो फक्त तापला की झोपायचा. गार असताना गाडी शहाण्यासारखी चालायची. ओझं घेऊन चढ चढली, किंवा गर्दीत खोळंबली, की खोकल्यासारखं करून बंद पडायची, आणि मग कितीही चावी फिरवा, चालू होत नसे. अर्धा तास गार होऊ दिली की पुन्हा सुरू.

अर्धा तास थांबायचं नसेल तर एक तोड होती. बॉनेट उघडायचं, इंजिनामागून कोपरापर्यंत हात खाली घालायचा आणि गार पाण्यात भिजवलेलं फडकं त्या सेन्सरवर धरून ठेवायचं. फडक्यातनं वाफ निघायची थांबली की चावी फिरवायची.

ही तोड सापडली आणि घरात एक नोकरी निघाली. ती मिळाली सासूबाईंना.

सासूबाई मुलाकडे राहायच्या, पण मुलाच्या घरात जिने फार. गुडघे बोलायला लागले तशा त्या लेकीकडे आल्या. लेकीनं आईला तळहातावर ठेवलं. एकदा दूध उतू गेलं, तेव्हा म्हणाली, "आई, तू शेगडीपाशी येऊच नकोस." एकदा बादली उचलताना त्यांची कंबर लचकली, तेव्हा म्हणाली, "आई, तू कशाला हात लावू नकोस." भाजी चिरताना बोट कापलं, सुरी गेली. डोळ्यांना सुई दिसेना, मशीनवर कापड घातलं. सगळं प्रेमानंच चाललं होतं. एकेक काम हातातनं गळत गेलं, आणि एक दिवस सासूबाईंना ओसरीवर बसून नुसतं देवाचं नाव घेणं एवढंच उरलं. देवाचं नाव गोडच आहे, पण जिनं जन्मभर ते पीठ मळता मळता घेतलं, तिच्या हातांना रिकामं ते घेता येईना. बोटं मांडीवर पीठ मळल्यासारखी हलायची.

मग एका सकाळी कुंड्या पोचवायला जाताना जावयानं त्यांना सहज गाडीत घेतलं. तिघं पुढच्या बाकावर, मधे सासूबाई. गाडी वाटेत बंद पडली. तो बॉनेट उघडून फडकं शोधायला लागला, तोवर मागून आवाज आला.

"हे घ्या. भिजवून पिळलंय. फार पिळलं नाही, थोडं पाणी राहू दिलंय."

त्या दिवसापासून पाण्याची बाटली आणि फडक्यांची पिशवी सासूबाईंच्या मांडीवर असायची. गाडीत सगळ्यांत आधी त्या चढून बसायच्या. आवाज बदलला की लेकीच्याही आधी त्यांना कळायचं. "आली हं झोप हिला," म्हणत त्या बाटलीचं झाकण फिरवायच्या. जुन्या चादरीचं फडकं चांगलं, टॉवेलचं पाणी लवकर सुकतं, असे शोध त्यांनी लावले होते.

शेजारी निवृत्त बस ड्रायव्हर राहायचे. त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. ते कुंपणावरनं चिडवायचे, "काय म्हातारे, आज किती वेळा जावयाचं डोकं थंड केलंस?"

"जावयाचं डोकं थंडच आहे," सासूबाई म्हणायच्या. "इंजिन तेवढं माझ्या लेकीवर गेलंय."

लेक मात्र नवऱ्याच्या मागे लागलेली असायची. "अहो, बदला की ते एकदाचं. भर रस्त्यात बरं दिसतं का?" आणि तो म्हणायचा, "बघू."

हा 'बघू' आळसाचा आहे असं तिला वाटायचं. खरी गोष्ट वेगळी होती.

सेन्सर त्यानं कधीच आणला होता. ड्रायव्हरकाकांना बरोबर घेऊन जाऊन, नीट बघून आणला होता. घरी आला तर ओसरीवर सासूबाई एकट्याच होत्या, लेक वाफ्यांना पाणी घालत होती.

"काय आणलंत, जावईबापू?"

"सेन्सर, आई. आता गाडी बंद पडायची नाही."

सासूबाईंनी डबी हातात घेतली, उलटीपालटी केली. "एवढासा?"

"एवढासाच."

"म्हणजे मग मी घरी."

"घरी कशाला? या की तुम्ही आमच्याबरोबर. तेवढंच फिरणं होईल."

"फिरायला रिकामी माणसं जातात, जावईबापू." त्यांनी डबी त्याच्या हातावर ठेवली. "मी कामाला येते."

मग सासूबाईच हसून म्हणाल्या, "थोडे दिवस राहू द्या. लगेच काही बिघडत नाही. आणि हिला सांगू नका, ही म्हणेल, म्हातारपणी आई लहान झाली."

त्यानं डबी बियांच्या डब्यांमागे ठेवून दिली.

पुढचं फार थोडं आहे. बाजारात कुंड्या उतरवून तिघं घरी येत होते. गाडी तापलेली होती. सासूबाई म्हणाल्या, छातीत जळजळतंय. मग म्हणाल्या, हात दुखतोय. त्यानं गाडी दवाखान्याकडे वळवली आणि पाण्याच्या टाकीच्या चढावर ती खोकली आणि बंद पडली. लेक रस्त्यात उभी राहून येणाऱ्या गाड्यांना हात करत होती. त्यानं बॉनेट उघडलं. घाबरल्या माणसाला फडक्याचीही आठवण राहत नाही. पण खिडकीतनं एक हात बाहेर आला होता. त्या हातात भिजवलेलं, पिळलेलं फडकं होतं.

त्यानं ते घेतलं. वाफ निघायची थांबली, तो धावत आत आला, चावी फिरवली, गाडी सुरू झाली. मांडीवरच्या बाटलीचं झाकण सासूबाईंनी नीट लावून ठेवलं होतं. त्या मात्र निघून गेल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, लवकर आला असता तरी काही सांगता आलं नसतं. ह्या वाक्याचे दोन अर्थ निघतात, आणि घरातल्या दोघांनी एकेक वाटून घेतला.

"तुमच्या 'बघू'नं माझी आई खाल्ली," एवढंच बायको बोलली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलायची नाही, घरात बोलायची. 'जेवण झाकलंय.' 'पाणी तापलंय.' 'अहो' गेलं. ज्या घरात 'अहो' ऐकू येत नाही, त्या घरातल्या पुरुषाला आपण आहोत की नाही तेच कळेनासं होतं.

एका वाक्यात तिचा राग उतरवता आला असता. 'आईंनीच नको म्हटलं होतं.' कितीदा ते ओठांवर आलं. पण गेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही, त्याच्यावर बोट कसं ठेवायचं? आणि त्या वाक्याला धरून मागे मागे गेलं तर ते कुठं जाऊन पोचतं, हेही त्याला दिसत होतं. आईला ते फडकं एवढं प्यारं का झालं, असा प्रश्न बायकोच्या मनात आला असता. त्याचं उत्तर तिच्याच स्वयंपाकघरात होतं. तेव्हा तिनं रागावलेलंच बरं. तो गप्प राहिला.

गाडीखाली त्यानं टॉर्चचा झोत वर मारला. सगळं इंजिन धुळीनं आणि तेलानं काळं झालेलं. पण सेन्सरच्या भोवती तळहाताएवढी जागा लख्ख होती. इतक्या वेळा तिथं ओलं फडकं फिरलं होतं. एखाद्या बाईनं रोज देव्हाऱ्यातली फरशी पुसावी, तशी ती जागा दिसत होती. तो बघतच राहिला.

वायरीचा प्लग निघाला. त्याची खिट्टी उन्हाळ्या-हिवाळ्यांनी ठिसूळ झालेली, ती त्यानं नखानं अलगद दाबली. बोल्ट मात्र हलेना. पाण्यानं गंजला होता. जी गाडी पाण्यानं चालू ठेवली, तिचा बोल्ट त्याच पाण्यानं धरला होता. आणि दहाचा पाना पेटीत नव्हता.

कुंपणाकडून चपला वाजल्या.

"काय रे लेका, गाडीखाली झोप काढतोस?" ड्रायव्हरकाका होते.

"या काका. दहाचा पाना आहे का तुमच्याकडे?"

"हा काय. देव सापडेल एक वेळ, दहाचा पाना नाही सापडायचा."

"तो माझाच आहे, काका."

"म्हणून तर सापडला. स्वतःचा मला जन्मात सापडला नाही." काकांनी पाना खाली सरकवला, पाठोपाठ गंज सुटायच्या तेलाची बाटली. "हे मार आधी. आणि झटका देऊ नकोस, डोकं तुटेल. बोल्टचं म्हणतोय. तुझ्या डोक्याचं मी कोण सांगणार."

गाडीखालून माणसांची फक्त पावलं दिसतात. काकांच्या चपला दिसत होत्या, एक पट्टा दोऱ्यानं शिवलेला. मग ओसरीवरनं दोन पावलं उतरली. बायकोची. कप जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला.

"चहा ठेवलाय," ती घराला म्हणाली. "काका, तुमच्यासाठीपण आणते."

"आण, आण. अर्धा आण." काकांनी पेटीजवळची डबी उचलली असावी, कारण त्यांचा आवाज बदलला. "अरे, हा तर तोच! आपण दोघांनी जाऊन आणलेला. किती धूळ बसली बघ डबीवर. बिचारी म्हातारी. शेवटपर्यंत बदलू दिला नाही तिनं तुला."

वळलेली दोन पावलं थांबली.

"कुणी बदलू दिला नाही?" बायकोनं विचारलं.

"काका," तो गाडीखालून म्हणाला, "तेल संपलंय बघा बाटलीतलं."

पण काकांना निवृत्तीनंतर ऐकू कमी यायचं आणि बोलायला जास्त व्हायचं. "अगं तुझ्या आईनं! मला सांगायची ना कुंपणापाशी येऊन. म्हणायची, जावयानं नवीन आणून ठेवलाय पण मी म्हटलं राहू दे, माझी नोकरी जाईल. एवढी हसायची. म्हणायची, लेकीला कळलं तर दोघांनाही उपाशी ठेवील..."

ते मधेच थांबले. बहुधा त्यांनी तिचा चेहरा पाहिला. तो गाडीखाली होता, त्याला काही दिसत नव्हतं. शिवलेल्या पट्ट्याची चप्पल एकदा पुढे, एकदा मागे झाली.

"मी येतो," काका म्हणाले. "चहा राहू दे. पाना... असू दे तुझ्याकडेच."

चपला निघून गेल्या. बायकोची पावलं तिथंच राहिली. मग ती खाली बसली. आधी गुडघे दिसले, मग पदराचं टोक, पण चेहरा दिसला नाही.

"खरं आहे हे?"

त्यानं तेलाची बाटली बोल्टवर उलटी केली.

"बाहेर या."

"बोल्टवर तेल मारलंय. आत्ता सोडला तर..."

"मग नका येऊ. तिथूनच बोला." तिचा आवाज अगदी खालचा होता. "खरं आहे?"

"हो."

"मला का नाही सांगितलं?"

"त्यांनी नको म्हटलं होतं."

"तेव्हा नको म्हटलं. नंतर? मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. दादासमोर बोलले. तेव्हा?"

"तेव्हा काय सांगणार? तुझ्या आईची चूक होती म्हणून?"

"मग कुणाची होती?"

"माझी." त्यानं पाना बोल्टवर बसवला, नुसताच धरून ठेवला. "लहान मूल मागतं तसं मागितलं त्यांनी. द्यायचं का नाही, हे मी ठरवायचं होतं. मला त्यांचं तोंड पडलेलं बघवलं नाही. एवढंच झालं."

वाफ्यांमधे पाण्याचा नळ ठिबकत होता.

"आता मी कुणावर रागवू?" ती म्हणाली.

त्याला आधी नीट समजलं नाही.

"तुमच्यावर रागावले होते ना, तेव्हा सकाळी उठता येत होतं. ह्या माणसाला चहा द्यायचा नाही असं ठरवून उठायचे, मग देत होते. भांडी आपटायचे. काहीतरी होतं हाताला." ती थांबली. "काय म्हणाली हो ती? नेमकं काय म्हणाली?"

त्यानं डोळे मिटले. खोटं बोलावं असं फार वाटलं. पण आईचं शेवटचं मागणं लेक विचारत होती, त्यात भेसळ कशी करायची?

"म्हणाल्या, फिरायला रिकामी माणसं जातात. मी कामाला येते."

जी गोष्ट तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून तो इतके दिवस चोरासारखा राहिला, ती पोचायला तिला क्षणही लागला नाही.

"शेगडी मी काढून घेतली तिची," ती म्हणाली. "दूध उतू गेलं होतं फक्त."

"अगं, तू त्यांच्या भल्यासाठी..."

"सुरी काढून घेतली. सुई काढून घेतली."

"तसं नसतं ते."

"तसंच आहे. तुम्ही तरी तिला काहीतरी दिलंत." आणि मग तिचं रडणं आलं, आई गेली त्या दिवसापासून अडकलेलं. ते बायकी मुळुमुळु रडणं नव्हतं. गुरं हंबरतात तसं होतं. तो बाहेर यायला धडपडला, त्याचं कपाळ लोखंडावर आपटलं. तोवर पावलं उठून आत गेली होती आणि दाराची कडी लागली होती.

तो परत पाठीवर आडवा झाला. दुसरं काय करणार? पाना हळू फिरवला, जरा उलटा, जरा सुलटा, पुन्हा उलटा. बोल्ट कुरकुरला आणि सुटला. सेन्सर घट्ट बसला होता. त्याला इकडेतिकडे हलवत, विनवण्या केल्यासारखं करत, त्यानं बाहेर काढला. जागा पुसली. नव्या सेन्सरच्या रबरी कडीला तेलाचं बोट लावलं, तो दाबून बसवला, बोल्ट आवळला, फार नाही, बेतानं. प्लगची खिट्टी 'टक्' वाजेपर्यंत ढकलली. अंगठ्याएवढी वस्तू. पाच मिनिटांत बसली.

वर येऊन त्यानं स्टँड काढून गाडी खाली उतरवली, बॅटरीची वायर जोडली. आता कुणीतरी चावी फिरवायची आणि कुणीतरी इंजिनाकडे बघायचं, असं हे दोन माणसांचं काम. तो हाक मारणार नव्हता. पण दार उघडलं. तोंड धुतलेलं, डोळे सुजलेले, अशी ती आली आणि मुकाट्यानं स्टिअरिंगपाशी बसली.

"देऊ?"

"दे."

गाडी लगेच सुरू झाली. कुठे काही गळत नव्हतं. डॅशबोर्डावर इतके दिवस लागून राहिलेला इंजिनाचा पिवळा दिवा विझला होता. त्यानं बॉनेट लावलं. आता ती म्हणेल, पलंग राहू द्या आत. असं त्याला वाटलं. माणूस फार लवकर आशा धरतो.

"काकांना बोलवा," ती म्हणाली. "पलंग एकट्याला उचलायचा नाही."

दुपारी निघाले. मागे पलंग उलटा बांधलेला, त्याचे चार पाय आभाळाकडे. दोघं पुढच्या बाकावर दोन टोकांना, मधे मोकळी जागा. तिथं सरकून बसायचं दोघांपैकी कुणाला जमलं नाही. ऊन होतं, ओझं होतं, गर्दी होती. गाडी तापली. तिचा आवाज एकदाही बदलला नाही.

पाण्याच्या टाकीचा चढ आला.

"थांबा इथं," ती म्हणाली.

"चढ आहे."

"थांबा. आणि बंद करा."

त्यानं गाडी कडेला घेतली, हातब्रेक ओढला, चावी फिरवली. इंजिन थांबलं. बॉनेटखाली तापलेलं लोखंड टक् टक् करत होतं. समोरच्या दुकानात एक माणूस टायरचं पंक्चर काढत होता. सायकलवरनं कुणीतरी शीळ घालत गेलं. अगदी रोजचा रस्ता होता. त्या दिवशीही रोजचाच असणार.

बायकोनं काचेतनं बराच वेळ बाहेर पाहिलं. "मी तिथं उभी होते," ती म्हणाली. "त्या खांबापाशी. तिच्याकडे पाठ करून."

त्यानं त्या खांबाकडे पाहिलं.

"चालू करा."

ह्याच वेळी, तापलेली असताना, ती कधी चालू व्हायची नाही. त्यानं चावी धरली. बोटांना सवयच होती, आता ही कण्हणार, घरघरणार, आणि आपण उतरणार. त्यानं चावी फिरवली मात्र, इंजिन एका खटक्यात सुरू झालं.

एका खटक्यात.

त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. बायकोसमोर, मेहुण्यासमोर, काकांसमोर, कुठेच न आलेलं रडू त्याला त्या चालू गाडीत आलं. "एवढंच होतं गं," तो म्हणत राहिला. "एवढंच होतं."

तिचा हात त्याच्या पाठीवर आला. ती थोपटत राहिली. लहान मुलाला थोपटतात तसं, एका लयीत.

"नको जाऊ," तो स्टिअरिंगलाच म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा म्हणाला.

"रागानं निघाले होते ते बरं होतं," ती म्हणाली. "रागानं गेलेलं माणूस राग उतरला की परत येतं. आता राग नाही. आता नुसतं त्या स्वयंपाकघरात उभं राहवत नाही मला."

"मग थोडा राग ठेव ना माझ्यावर."

तिला हसू आलं. रडता रडता आलेलं, नाक ओढत आलेलं. "अहो, तुमच्यावर ठेवायला जागा उरली नाही," ती म्हणाली. "सगळा माझा मलाच लागतोय. चला. दादा वाट बघत असेल."

त्यानं डोळे पुसले, आरशात बघितलं आणि गाडी रस्त्यावर घेतली.

भावाच्या घरी पलंग वर चढवताना सगळ्यांची दमछाक झाली. जिने खरंच फार होते. खोली लहान होती. पलंग भिंतीला लावला, मशीन खिडकीपाशी ठेवलं. पलंग एका पायावर डुगडुगत होता. मेहुणा म्हणाला, राहू द्या, मी उद्या करीन. पण हा खाली वाकला आणि दहाच्या पान्यानं चारही पायांचे बोल्ट आवळून, पलंगावर हात दाबून बघून मगच उठला. ती दारात उभी राहून बघत होती. तिला झोप नीट लागायला हवी होती.

निरोप द्यायला ती खाली गाडीपर्यंत आली. त्यानं उगाच टायर दाबून पाहिला.

"वाफ्यांना संध्याकाळी पाणी घाला," ती म्हणाली. "गुलाबांना कमी."

"घालतो."

"जेवा वेळेवर."

"हं."

"सांभाळून जा हं."

"आता काही होत नाही गाडीला," तो म्हणाला.

"गाडीचं कोण बोलतंय," ती म्हणाली, आणि जिना चढायला लागली.

पहिल्या वळणापर्यंत तिची पावलं ऐकू आली. मग दुसऱ्या. मग वर कुठेतरी दार लागलं. तो आत बसला, चावी फिरवली. गाडी निमूटपणे सुरू झाली आणि वाटेत कुठेही न थांबता तिनं त्याला घरी आणून सोडलं.